इटालियन कादंबऱ्यांतलं जेवण आणि पंक्तिप्रपंच

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इटालियन कादंबऱ्यांतल्या खाण्यापिण्यावर पानभर लेख आला होता. आधी आनंदच झाला, कारण उसाचा दर, रस्त्यातले खड्डे, पाणी आणि सीमाप्रश्न ह्या सगळ्यातून जागा काढून कुणीतरी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीतल्या पुस्तकांवर मराठीत लिहिलं आणि तुम्ही ते बेळगावात छापलं, त्याबद्दल खरंच आभार. पण लेख वाचून संपला तेव्हा मन खट्टू झालं. लांबलचक टेबल, वाफाळती मॅकरोनी, वाइनच्या बाटल्या, मोठ्ठं कुटुंब, आणि शेवटी निष्कर्ष काय तर इटालियन लेखकांच्या लेखी अन्न म्हणजे जगण्याच्या उत्सवाचं प्रतीक. मला हे अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट सांगावं म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी शहापुरात खाणावळ चालवते, सासूबाईंच्या हातून माझ्या हातात आली. बी.ए.ला इंग्रजी होतं, वाचायची सवय तेव्हाची, दुपारची पंगत उठल्यावर आणि संध्याकाळचं पीठ मळायला घ्यायच्या आधी जो वेळ मिळतो त्यात वाचते. ही इटालियन पुस्तकं मी सगळी इंग्रजी ट्रान्सलेशनमधून वाचलीयत. त्यामुळे भाषेच्या सौंदर्याबद्दल मी काही बोलणार नाही, पण ताटात काय पडतं आणि कुणाच्या पडतं ह्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मला वाटतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की युद्धानंतरच्या वीसेक वर्षांत तिथं जे महत्त्वाचं लिहिलं गेलं त्यात अन्न येतं ते बहुतेक वेळा कमी पडणारं अन्न. काय शिजलंय ह्यापेक्षा कुणी वाढलं, किती वाढलं, कुणाला डावललं ह्याच्यावर ह्या लेखकांची नजर खिळलेली असते. आपण पंक्तिप्रपंच म्हणतो ना, तो ह्या पुस्तकांचा खरा विषय आहे.

आधी थोडी परिस्थिती लक्षात घ्या. इटलीत ऑक्टोबर १९४१ पासून पाव रेशनवर गेला, माणशी दिवसाला २०० ग्रॅम, आणि मार्च १९४२ मधे तो १५० ग्रॅमवर आला. १५० ग्रॅम म्हणजे आमच्याकडची एक जाड भाकरी, अख्ख्या दिवसाला. ज्या लेखकांनी पुढं ही पुस्तकं लिहिली ते तेव्हा विशी-तिशी-चाळिशीत होते, कुणी फ्रंटवर, कुणी डोंगरात लपलेले, कुणी जर्मनांच्या छावणीत. ज्यानं तुकडा मोजून खाल्लाय तो पुढं कधीही तुकड्याबद्दल मोघम लिहीत नाही.

बेप्पे फेनोल्यो घ्या. आल्बा गावचा माणूस, जन्म १९२२ चा, वाइनच्या कंपनीत परदेशी पत्रव्यवहार बघायचा आणि रात्री लिहायचा. त्याची 'ला मालोरा' नावाची छोटीशी कादंबरी १९५४ मधे आली, लांगे नावाच्या डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांची. आगोस्तिनो नावाचा पोरगा, बाप त्याला दुसऱ्याच्या घरी सालगडी म्हणून ठेवतो. मालक तोबिया, तोही जमिनीचा मालक नाहीच, वाट्यानं शेती करणारा, निम्मं पीक आल्बातल्या खऱ्या मालकाला जाणार. तर ह्या घरात दुपारी आणि रात्री जवळजवळ रोज पोलेंता, म्हणजे मक्याचं पीठ घट्ट शिजवून केलेला गोळा. आणि तोंडी लावायला काय, तर आढ्याला दोऱ्यानं बांधून लोंबकळत ठेवलेला एक खारवलेला मासा, बोटाएवढा. घरातल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं आपला पोलेंताचा तुकडा त्या माशावर घासायचा, तेवढाच खारटपणा लागतो तेवढा, मासा खायचा नाही. घासून घासून त्या माशाला माशाचा आकारसुद्धा उरत नाही तरी पुढं अजून काही दिवस घासणं चालूच. आणि कुणी वाजवीपेक्षा जास्त घासलं तर तोबिया टेबलावरून हात लांब करून तिथल्या तिथं मारतो, मग ती लग्नाला आलेली त्याची स्वतःची पोरगी जिनोत्ता का असेना.

मी हे पान वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आता समीक्षक म्हणतील मासा हे ख्रिस्ताचं चिन्ह आहे, दोऱ्याला टांगलेला आहे म्हणजे क्रूस आहे, अमुक आहे तमुक आहे. असेलही. पण आधी ते मीठ आहे हो. मीठ विकत घ्यावं लागतं, मासा समुद्राकडून येतो म्हणून महाग पडतो, म्हणून घरात एकच. तोबिया दुष्ट आहे असं फेनोल्यो म्हणत नाही, तो स्वतःसुद्धा तोच पोलेंता तसाच घासून खातो, त्याला पैसे साठवून स्वतःची जमीन घ्यायचीय म्हणून तो सगळ्या घराच्या पोटाला चिमटा काढतोय. म्हणजे बघा, त्या एका दोऱ्याला आख्खी वाट्याची शेती टांगलीय, आल्बातला मालक, तोबियाचं स्वप्न, पोरीचं लग्न आणि नोकर पोराची भूक. प्रतीक म्हणायचं तर ह्याला म्हणा. पण ते प्रतीक झालं कशामुळं, तर लेखकानं मासा किती दिवस चालला आणि मार कुणाला बसला हे नेमकं सांगितलं म्हणून.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा चिक्कोडीच्या माळावरच्या जुन्या माणसांना विचारा, सुक्या मिरचीच्या देठावर किंवा नुसत्या मिठाच्या खड्यावर भाकरी खाल्लेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना हे पान वाचून दाखवलं तर एक अक्षरही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं उदाहरण प्रिमो लेवीचं, आणि इथं मी जरा जास्त थांबणार आहे. तुरीनचा केमिस्ट, ज्यू, फेब्रुवारी १९४४ मधे जर्मनांच्या आउश्विट्झ छावणीत पाठवला गेला, परत आल्यावर 'इफ धिस इज अ मॅन' लिहिलं. मोठ्या प्रकाशकानं नाकारलं, मग १९४७ मधे एका छोट्या प्रकाशनानं २५०० प्रती काढल्या, आणि १९५८ मधे त्याच मोठ्या प्रकाशकानं ते परत छापलं तेव्हा कुठं ते लोकांपर्यंत पोचलं. ह्याला तुम्ही कादंबरी म्हणाल की आठवणी म्हणाल ह्या वादात मला पडायचं नाही, युद्धानंतरच्या इटालियन गद्यातून हे पुस्तक काढलं तर काही उरत नाही.

त्या छावणीतल्या सूपबद्दल लेवी जे लिहितो ते कुठल्याही खाणावळवालीला पटकन कळेल. सूपच्या रांगेत कैदी पुढं जायला धडपडत नाहीत, मागं राहायला धडपडतात. का? तर वरचं सूप नुसतं पाणी असतं, दाट ते तळाला. आमच्याकडं आमटीचं पातेलं बघा, डाळ खाली बसते, म्हणून पोरं ताट पुढं करताना हटकून म्हणतात, "ओ काकू, जरा हलवून घाला की, खालनं घाला." मी ओगराळं तळापर्यंत नेऊन हलवते आणि मग वाढते, सासूबाईंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की पहिल्या ताटाला आणि शेवटच्या ताटाला आमटी सारखीच गेली पाहिजे. छावणीत ओगराळं ज्याच्या हातात आहे तो ठरवणार कोण उद्या चालेल आणि कोण नाही. मी रोज तेच काम करते म्हणून सांगते, वाढणाऱ्याच्या मनगटात किती सत्ता असते ह्यावर इतकं खरं मी दुसरीकडं कुठं वाचलेलं नाही.

आणि त्याच पुस्तकात तो प्रसिद्ध प्रसंग. लेवी आणि झाँ नावाचा एक फ्रेंच पोरगा दुपारचं सूप आणायला निघालेत, रिकामं भांडं दांड्यांवर घेऊन, येताना ते पन्नास किलोचं होणार. वाटेत झाँला इटालियन शिकायचंय म्हणून लेवी त्याला दांतेची कविता म्हणून दाखवायला लागतो, युलिसिस समुद्रावर शेवटच्या प्रवासाला निघतो तो भाग. मधल्या ओळी आठवत नाहीत. तेव्हा लेवी म्हणतो की ह्या दोन ओळी जोडणाऱ्या मधल्या ओळी आठवणार असतील तर मी आजचं सूप देऊन टाकीन. लक्षात घ्या, हा माणूस उपाशी आहे, त्या सूपवर त्याचा जीव आहे. कवितेची किंमत सांगायला त्याच्याकडं दुसरं कुठलं नाणंच नाही. कविता फार मोठी असते असं आपण भाषणात म्हणतो, ते म्हणायला काही लागत नाही. इथं ती एका वाडग्याशी तोलून बघितलीय. आणि मग दोघं रांगेत पोचतात, आजचं सूप कोबी आणि सलगमचं आहे असं कुणीतरी ओरडतं, आणि कविता तिथंच बुडते.

त्याच पुस्तकात लोरेन्झो आहे, छावणीबाहेरचा इटालियन गवंडी, सहा महिने रोज लेवीला पावाचा तुकडा आणि स्वतःच्या जेवणातलं उरलेलं आणून देत राहिला, बदल्यात काही नको. आणि शेवटी, जानेवारी १९४५ मधे, जर्मन पळून गेल्यावर आजाऱ्यांच्या खोलीत उरलेली माणसं. लेवी आणि दोन फ्रेंच कैद्यांनी कुठून तरी शेगडी ओढून आणली, बटाटे आणले, ऊब झाली. तेव्हा एक आजारी पोरगा सुचवतो की ज्यांनी कष्ट केले त्या तिघांना प्रत्येकानं आपल्या पावातला एक तुकडा द्यावा, आणि सगळे कबूल होतात. लेवी म्हणतो, छावणीतला नियम होता की आपला पाव खा आणि जमलं तर शेजाऱ्याचाही खा. तो नियम त्या तुकड्यानं मोडला आणि आम्ही तिथून परत माणसं व्हायला लागलो. आता सांगा, ह्यात उत्सव कुठं आहे? इथं तोंडचा घास काढून दुसऱ्याला देणं आहे, आणि तेवढ्यावर माणूसपण उभं आहे.

मारिओ रिगोनी स्टर्नच्या 'द सार्जंट इन द स्नो' मधेही असाच एक सीन आहे, १९५३ चं पुस्तक. २६ जानेवारी १९४३, रशियात इटालियन सैन्य बर्फातून माघार घेतंय, लढाई चालू आहे, आणि हा सार्जंट भुकेनं एका झोपडीचं दार वाजवून आत शिरतो. आत रशियन सैनिक टेबलाभोवती बसून जेवतायत, टोपीवर लाल तारे, चमचे अर्ध्यात थांबलेले. ह्याच्या हातात बंदूक. मला खायला हवंय, एवढंच हा म्हणतो. घरातली बाई उठते, एक ताटली घेते, सगळ्यांच्या भांड्यातलंच दूध आणि राळं-वरीसारखं धान्य शिजवलेलं त्यात वाढते. हा बंदूक खांद्याला अडकवतो आणि खातो. कुणी हलत नाही. चमच्यांचा आवाज तेवढा. खाऊन झाल्यावर आभार मानतो, निघताना बाहेरच्या खोलीत मधाच्या पेट्या दिसतात, माझ्या सोबत्यांसाठी थोडं द्या म्हणून खुणेनं मागतो, बाई पोळ्याचा तुकडा देते. संपलं. शत्रूच्या घरात जाऊन तो एकाच भांड्यातलं जेवून आला, आणि त्या बाईनं वाढताना हात आखडला नाही. पंक्तिप्रपंच न करणारी बाई म्हणून माझ्या डोक्यात ती कायमची बसलीय.

इथं थोडं विषयांतर करते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, सगळ्यांना माहितीय. पण ह्याच रेजिमेंटची माणसं १९४४-४५ मधे इटलीत लढत होती हे किती जणांच्या लक्षात आहे? नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात पडले, नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझे आजेसासरे तेव्हा तिकडं होते. लढाईबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत म्हणतात, पण सासूबाई सांगायच्या, लंगरच्या मागं गोरी पोरं डबडी घेऊन उभी असायची आणि हे लोक उरलेली डाळ-चपाती त्यात घालायचे हे ते नेहमी सांगायचे. रेनाता विगानोची 'लान्येझे वा अ मोरीरे' ही कादंबरी १९४९ ची, सेनिओपासून फार लांब नसलेल्या कोमाक्कियोच्या दलदलीत घडते. आन्येझे म्हणजे कपडे धुणारी एक वयस्क, जाडजूड बाई, नवरा जर्मनांनी नेला आणि मेला, ही दलदलीतल्या बंडखोर पोरांना रांधून घालते, त्यांची आई होते. म्हणजे आपल्या घरातली माणसं ज्या मुलखात डबड्यात डाळ घालत होती त्याच मुलखाची, त्याच हिवाळ्याची ही पुस्तकं आहेत. ती आपल्याला परकी का वाटावीत?

मोराविया आणि एल्सा मोरांते ह्या नवरा-बायकोबद्दल थोडक्यात. दोघंही १९४३-४४ मधे फोंदीजवळच्या डोंगरात लपून राहिले होते, मोरावियाची 'ला चोचारा' त्यातूनच आली, १९५७ मधे. तिची नायिका चेझीरा किराणा दुकानदारीण आहे, रोममधे काळाबाजार करून पैसे केलेली, आणि डोंगरात गेल्यावर तिला कळतं की नोटा खाता येत नाहीत, पीठ आणि चरबी ज्याच्या घरात तो राजा. तिथं माणसं दिवसभर फक्त खाण्याच्या गोष्टी करतात. हे पुस्तक मला आवडतं, पण फेनोल्योइतकं नाही, कारण मोराविया मधेमधे आपल्याला शिकवायला लागतो. मोरांतेची 'ला स्तोरिया' बरीच उशिरा, १९७४ मधे, त्यात शाळामास्तरीण असलेली इदा आपल्या लहान पोरासाठी चोऱ्या करते. चोरी करणारी मास्तरीण, ह्यापुढं युद्धाबद्दल वेगळं काय सांगायचं राहतं.

सिलोनेच्या 'ब्रेड अँड वाइन' बद्दल तुमच्या लेखात एक ओळ होती, की त्यात पाव आणि वाइन हे धार्मिक प्रतीक आहे. मूळ पुस्तक तसं युद्धाच्या आधीचं, १९३६-३७ चं, मुसोलिनीमुळं परदेशात छापावं लागलेलं, आणि युद्धानंतर १९५५ मधे सिलोनेनं ते बदलून इटलीत परत आणलं. धार्मिक आहे हे खरंच, पण कसं ते बघा. मुरिका नावाच्या तरुणाला फॅसिस्टांनी मारलंय, घरी माणसं जमलीत, आणि बाप उभा राहून सगळ्यांना पाव आणि वाइन देतो. काय म्हणतो, तर हे गहू पेरायला, निंदायला, मळायला माझा पोरगा होता, हा त्याचा पाव, खा, ही द्राक्षवेल छाटायला तो होता, ही त्याची वाइन, प्या. आपल्याकडं सुतकाच्या घरात शेजारपाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून घरच्यांना जबरदस्तीनं दोन घास खायला लावायची रीत आहे, इथं उलटं, ज्याचा पोरगा गेला तोच वाढतोय. चर्चमधला विधी सिलोनेनं उचलला आणि तो शेतात नेऊन ठेवला. पेरणी, निंदणी, मळणी ही नावं वगळून नुसतं "धार्मिक प्रतीक" म्हटलं की बापाचा पोरगाच त्यातून गायब होतो.

मग पन्नाशीच्या शेवटी इटलीत पैसा आला, कारखाने वाढले, मिलानमधे १९५७ ला पहिलं सुपरमार्केट उघडलं. तेव्हा इतालो काल्विनोनं काय केलं, तर भूक संपली असं सगळे म्हणत असताना तो त्याच प्रश्नाकडं परत वळला. 'मार्कोवाल्दो' हे १९६३ चं पुस्तक, शहरातला एक हमाल आणि त्याची पोरंबाळं. त्यात डब्याची एक गोष्ट आहे, आपल्याकडच्या कुठल्याही कामगारानं वाचावी अशी. मार्कोवाल्दो दुपारी बाकावर बसून डबा उघडतो, बायकोनं सलग तीन दिवस सॉसेज आणि सलगमच दिलंय, आता नको झालंय. समोरच्या बंगल्याच्या खिडकीत एक श्रीमंत पोरगा, पुढ्यातलं मेंदू-फ्राय संपेपर्यंत खोलीतून बाहेर पडायचं नाही अशी शिक्षा मिळालेला. त्याला सॉसेज हवंय, ह्याला ते फ्राय. दोघं बदलतात, दोघंही खूश. तेवढ्यात पोराची दाई येते आणि मार्कोवाल्दोला चोर म्हणून ओरडते. अदलाबदल दोघांच्या मर्जीनं झाली पण चोर एकच ठरतो, आणि कोण ठरतो ते सांगायला नको. दुसऱ्या गोष्टीत हेच कुटुंब सुपरमार्केटमधे शिरतं, खिशात दमडी नाही, पण सगळ्यांसारखं आपणही ढकलगाडी भरावी वाटतं म्हणून भरत सुटतात, पोरंसुद्धा, आणि शेवटी सगळं टाकून द्यायची पाळी येते. आधी माल नव्हता, आता मालाचे डोंगर आहेत, ह्यांच्या ताटात फरक काही नाही. आज बेळगावच्या मॉलमधे जाऊन नुसतं फिरून येणारी कुटुंबं मी बघते तेव्हा ही गोष्ट मला टोचते.

आणि आता तुमच्या लेखकांची फेवरिट मॅकरोनी. लाम्पेदूसाची 'द लेपर्ड', १९५८ मधे लेखक गेल्यानंतर छापलेली, काळ १८६० चा, सिसिलीतल्या एका प्रिन्सच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, घरातली मेजवानी. तो टिंबाल, म्हणजे कवचात भाजलेली मॅकरोनी, सोनेरी कवच, आत दालचिनीचा वास, कोंबडीची कलेजी, उकडलेली अंडी, वर्णन अप्रतिम आहे, मी नाकारत नाही, वाचताना पाणी सुटतं तोंडाला. पण लेखात जे राहिलं ते सांगते. ते ताट आल्यावर वीस माणसांपैकी फक्त चौघांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही असं लेखक मोजून सांगतो, आणि त्यातली एक म्हणजे प्रिन्सची मुलगी कॉन्चेत्ता, तिला भूकच नाही, कारण ज्याच्यावर तिचं मन आहे तो दुसरीकडं बघतोय. ती दुसरी म्हणजे नव्यानं पैसेवाल्या झालेल्या माणसाची मुलगी अँजेलिका, ती काटा मधेच धरून दाबून खाते. काटा कुठं धरलाय ह्यावरून लेखक सांगतो की ही घरं आता कुणाच्या हातात जाणार. म्हणजे ह्या सगळ्यात श्रीमंत पानातसुद्धा चवीपेक्षा पंगतच महत्त्वाची. आणि हे लिहिणारा माणूस कोण, ज्याचा पालेर्मोतला वडिलोपार्जित वाडा एप्रिल १९४३ मधे बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला तो. ते टेबल त्यानं आठवणीतून मांडलंय, बसायला घरच उरलं नव्हतं. उत्सव म्हणून हे पान वाचणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे, मला तरी तसंच वाटतं.

आपल्या भागात हे सगळं समजणारे वाचक भरपूर आहेत. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत तंबाखूतल्या बायका आणि गॅरेजमधल्या पोरांवर लिहीत राहिले, त्यांना वाचणारा वाचक फेनोल्योला घाबरेल असं मला वाटत नाही. माझ्याकडं जेवणाऱ्या पोरांत मराठी आहेत, कन्नड आहेत, खानापूरची, बैलहोंगलची, गोकाकची, एकाच बाकावर बसतात, भाकरीला काही जण रोट्टी म्हणतात. माशाचं ते पान मी त्यातल्या चौघा-पाचजणांना जेवण झाल्यावर मराठीत सांगितलं होतं. कुणीच काही बोललं नाही बराच वेळ, मग बैलहोंगलच्या पोरानं विचारलं, "पण त्या पोरीचं लग्न झालं काय ओ काकू पुढं?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यानं प्रतीक विचारलं नाही, पोरगी विचारली.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुरवणीत ह्या विषयाला एका लेखावर सोडू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक पुस्तक घ्या, एकेक जेवणाचा प्रसंग मराठीत नीट सांगा, आणि लिहायला फक्त प्राध्यापकांना बोलवू नका, लग्नाच्या पंगतीतले आचारी, शाळेत दुपारचा आहार शिजवणाऱ्या बायका, रेशन दुकानात वजन करणारे, ह्यांनाही वाचायला द्या आणि त्यांना काय वाटलं ते छापा. पहिला लेख फेनोल्योवर मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको. इटालियन येणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मात्र नक्की गाठ घालून द्या, कारण इंग्रजीवरून मी सांगेन त्यात काही निसटत असणार, आणि ते कुणीतरी मुळाशी ताडून बघायला हवं. रविवारी रात्री आमची खाणावळ बंद असते, त्या वेळेला घरी कधीही आलात तर चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक खाणावळवाली वाचक
शहापूर, बेळगाव